दूरच्या गवतावरचा पाऊस

साधना केळकर ही बाई नेमकी कशी होती, हे निशिकांतरावांना कधीच नीटसं कळलं नाही. ते परदेशात, क्लेमेंटीत मुलाकडे राहत; त्या फ्लॅटच्या दोन मजले वर ती भाड्याच्या खोलीत राहायची. मूळची पुण्याची, चाळिशीची, एकटी. घरी कोण कोण असतं, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांना ठाऊक होतं ते तिचं काम, आणि तेही एका हंगामापुरतं.

ती बीफ आयात करणाऱ्या कंपनीत होती. जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेली ही बाई ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मांसाची प्रत ठरवायची. मांस किती चिवट आहे ते यंत्र सांगे. बाकीचं ती डोळ्यांनी बघे. जनावर नुसत्या गवतावर वाढलेलं असलं, की चरबीच्या रंगावरून तिकडचा पाऊस ओळखता येई. हिरवा चारा मिळाला असेल तर चरबी लोण्यासारखी पिवळसर. वाळलेल्या काड्यांवर दिवस काढले असतील तर फिकी, आणि मांस गडद, चिवट.

"हॉटेलवाल्यांना मात्र पिवळं दिसलं की शिळं वाटतं, काका," ती हसून सांगायची.

निशिकांतरावांनी हवामान खात्यात छत्तीस वर्षं पावसाच्या नोंदी ठेवल्या होत्या. हे लिफ्टमधल्या बोलण्यात तिला कळलं आणि दुसऱ्याच दिवशी ती ऑस्ट्रेलियातल्या दोन जिल्ह्यांचे आकडे छापून घेऊन आली. सूनबाईंनी, शुभदाने, जेवायच्या टेबलावर मांसाचे फोटो नकोत म्हटल्यावर दोघं ब्लॉकखालच्या दगडी टेबलाशी बसू लागले. निशिकांतराव आलेखाच्या वहीत पेन्सिलीने रेघा ओढायचे. न पाहिलेल्या देशातला पाऊस, न खाल्लेल्या मांसासाठी. त्यांचे दिवस बरे जात होते.

ते २०१५ साल होतं. त्या दोन जिल्ह्यांत वर्षभर पाऊस नव्हता. साधनाचा पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, जुलैत संपत होता. पुढचा माल चांगला आला तर नूतनीकरण, नाहीतर परत जा, असं साहेबाने तिला स्पष्ट सांगितलं होतं. जनावरं एप्रिलमध्ये उचलायची की जूनअखेर, एवढंच तिला ठरवायचं होतं.

मार्चमध्ये तिकडे नऊ दिवसांत एकशे चाळीस मिलिमीटर पाऊस पडला.

"हिरवं झालं असेल?" तिने विचारलं.

"आठ दिवसांत होतं."

"मग एप्रिलमध्ये मागवू?"

खात्यात अंदाज वर्तवणारे वेगळे असत. निशिकांतराव पडून गेलेला पाऊस तेवढा मोजत. पुढचं छातीठोकपणे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हणाले, "मागवा."

मे महिन्यात माल आला. चरबी पांढरी, मांस गडद आणि चिवट होतं. साधनाने फोटो दाखवले आणि शांतपणे कारण सांगितलं. कोवळ्या गवतात नुसतं पाणी. उपाशी जनावरं ते कोंब शोधत मैलोनमैल फिरतात, त्यांना ढाळ लागते आणि होतं नव्हतं ते वजनही जातं. अंग भरायला पुढे सहा-आठ आठवडे लागतात. तिकडच्या माणसांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"मी मागवा म्हटलं होतं," निशिकांतराव म्हणाले.

"तुम्ही पावसाचं सांगितलंत, काका. पाऊस पडला होताच."

"ऑफिसात काय सांगितलंत?"

"माझा अंदाज चुकला म्हणून."

दुसऱ्यांनी मागवलेला जूनअखेरचा माल लोण्याच्या रंगाचा निघाला, हेही तिनेच सांगितलं. तोवर तिचा पास न वाढवण्याचा निर्णय झाला होता.

माफीचं एक वाक्य निशिकांतराव तीन आठवडे मनात जुळवत होते. जुलैअखेरच्या एका सकाळी ते दूध आणायला निघाले, तर लिफ्टमध्ये ती दोन बॅगा घेऊन उभी होती. टॅक्सी खाली आली होती. आठ मजले उतरेपर्यंत ते वाक्य काही बाहेर पडलं नाही. खाली आल्यावर त्यांनी एक बॅग उचलून टॅक्सीपर्यंत नेली.

"छत्री घेतलीत ना?" त्यांनी विचारलं.

"बॅगेत आहे. पाऊस येईल का, काका?"

त्यांनी समोरच्या ब्लॉकवरच्या आभाळाकडे पाहिलं.

"नक्की सांगता येत नाही."

"मग वरच ठेवते," ती म्हणाली, आणि बॅगेची चेन उघडू लागली.