सुआवे

आमचे बाबा फर्निचरला पॉलिश करतात, गेली चाळीस वर्षं. लाकूड घासून झालं की डोळे मिटायचे, तळहात फिरवायचा आणि मगच ब्रश उचलायचा, ही त्यांची रीत. त्यांनी "झालं" म्हटलं की गिऱ्हाईक पुन्हा हात लावून बघत नाही. या गोष्टीचा त्यांना भलताच तोरा!

तर या माणसानं साठीत स्पॅनिश शिकायला घेतलं. कारण माझी भाची, दादाची चार वर्षांची मुलगी. वहिनीची भाषा स्पॅनिश, त्यांचं घर परदेशात. फोनवर बाबा दिसले की पोर आईच्या पाठीमागे दडायची. आता ती पहिल्यांदाच आठ दिवसांसाठी येणार होती.

"आठ दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, तर मी तिचा कोण? पॉलिशवाला?" बाबा म्हणाले.

मी शंभर शब्दांची वही करून दिली. बाबा तिसऱ्याच शब्दावर अडून बसले. सुआवे, म्हणजे मऊ, गुळगुळीत. रोज वहिनीला फोन. घासलेल्या फळीला म्हणतात? म्हणतात. बाळाच्या गालाला? हो. हळू आवाजाला? हो, बाबा. कमी तिखटाला? वहिनी हसत म्हणाली, त्यालाही. शांत स्वभावाला? त्यालाही!

बाबा ताडकन उठले आणि माझ्याकडे वळले. "अगं, हा तर आमच्या धंद्यातला शब्द! फक्त तुला लागू नाही बघ."

"बाबा, सत्त्याण्णव शब्द राहिलेत," मी चिडून म्हटलं. "एकावर काय आठ दिवस काढणार?"

"तू तुझं काम कर."

आणि त्यांनी सुताराकडून एक छोटीशी खुर्ची करून घेतली.

पोर आली आणि पहिला दिवस पडद्याआडच बसली. बाबांचं जेवणात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची पुढ्यात घेऊन जमिनीवर बसले, डोळे मिटले, तळहात फिरवला आणि हळूच म्हणाले, "सुआवे." पुन्हा हात फिरवला. "सुआवे." पडदा हलला. पोर एकेक पाऊल टाकत आली, तिनं डोळे गच्च मिटले आणि इवलासा तळहात खुर्चीवर ठेवला. मी दारात श्वास रोखून उभी! हात टेकायच्या दांडीखाली तो तळहात थांबला.

"आकी नो," ती म्हणाली. इथं नाही.

बाबांनी चाचपून पाहिलं. खरंच, तिथं लाकडाची बारीक कूस टोचत राहिली होती. चाळीस वर्षांचा तोरा क्षणात उतरला आणि हे गृहस्थ टाळ्या पिटायला लागले! "ऐकलंस? बोलली! माझ्याशी बोलली, तेही चूक काढून!"

"कानामागून आली आणि तिखट झाली," मी म्हटलं. बाबांनी पॉलिश पेपर मधोमध फाडला आणि अर्धा तिच्या हातात दिला.

मग रोज सकाळी तपासणी. रोज तिला एक नवी खरखरीत जागा सापडायची, मग दोघं मिळून ती घासायची. बाबांच्या हातून एवढ्या चुका? मला काही कळेना. सहाव्या दिवशी लवकर उठून पाहते तर बाबा जाड पेपरनं खुर्चीचा पाय खरवडताहेत! मला बघून ते चोरी पकडल्यासारखे हसले. ज्यानं जन्मात वाईट काम केलं नाही, तो माणूस!

निघायच्या दिवशी मात्र त्यांनी काही खरवडलं नाही. "आज पुरी होऊ दे खुर्ची," एवढंच म्हणाले. बॅगा दाराशी आल्या, टॅक्सी आली. पोर आईचा हात सोडून आत पळाली, डोळे मिटून सगळ्या खुर्चीवर तळहात फिरवत गेली आणि पाठीच्या फळीवर थांबली.

"आकी नो, अबुएलो." इथं नाही, आजोबा.

आजोबा! "मग पुन्हा यावं लागणार," बाबा मराठीतच म्हणाले, आणि तिनं मान डोलावली.

टॅक्सी गेल्यावर मी त्या जागी हात फिरवून पाहिला. फळी अगदी गुळगुळीत होती.