चितळीला गाडी एकच मिनिट थांबते

"नगर जिल्ह्यात बघायचं काय? शिर्डी, नाहीतर भंडारदरा. आणि तेही पॅसेंजरनं? मावशी, वय झालं आता तुझं," माझी भाची म्हणाली. तिला मोटारीच्या काचेतून दिसतं तेवढंच जग ठाऊक आहे, आणि त्यातलंही निम्मं ती मोबाईलमध्ये बघते. मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. निवृत्त बाईनं कुठं जाऊ नये हे सांगणाऱ्यांची यादी माझ्याकडे मोठी आहे. प्रत्येकाच्या नावानं एकेक सहल काढायचं मी ठरवलंय.

पुण्याहून दौंड, आणि दौंडहून मनमाडकडे जाणारी पॅसेंजर. स्लीपर नाही, आरक्षण नाही, खिडकीसाठी रुमाल टाकायची गरज नाही. वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. आणि भुकेलेलं राहायचं नसेल तर दौंडलाच पोटभर खाऊन घ्या. दौंड सोडलं की गाडी भीमेवरून जाते आणि पलीकडे नगर जिल्हा सुरू होतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण डब्यात सगळे नगरच म्हणत होते. काष्टीला बाजाराला निघालेली माणसं चढली, विसापूरला तलावाचं पाणी लांबून चमकलं. मग उघडी माळरानं, कांद्याची रोपं, मधूनच ज्वारी. शाळेत सिस्टर म्हणायच्या, खिडकीबाहेर बघणाऱ्या मुली आयुष्यात काही करत नाहीत. तासभर बघितलं आणि आयुष्यात काही न केल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

अकोळनेरला उतरले ती फुलांसाठी. थंडीत इथं शेवंती असते. पिवळी, पांढरी, शेतंच्या शेतं. स्टेशनापासून चालत गेलात तरी चालेल, मात्र टोपी घ्या, सावली नाही. एका शेतात चारपाच बायका फुलं तोडत होत्या. मी बांधावर उभी राहून फोटो काढायला लागले तशी त्यातली एक ओरडली, "ओ बाई, फोटो काढताय त्ये काढा, पर शेवंतीवर पाय देऊ नगा!" मी दोन पावलं मागे सरकले. चूक माझी होती. हे मी सहसा कबूल करत नाही.

या मंदाबाई. शेत त्यांचंच. पन्नाशीच्या, काटक, हात थांबत नाहीत आणि तोंडही थांबत नाही. मी उद्या याच गाडीनं पुणतांब्याला जाणार म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा हात थांबवला.

"मीबी उद्या त्याच गाडीला हाय. चितळीला लेक दिलीय."

"मग लेकीकडे चाललात."

"लेकीकडं न्हाई. टेसनावर."

समजायला मला थोडा वेळ लागला. त्यांच्या घरात रीत आहे की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. घरी जाऊन पाणी नाकारलं तर व्याह्यांचा अपमान, आणि प्यायलं तर रीत मोडली. म्हणून मंदाबाई घरी जातच नाहीत. कोमलच्या लग्नाला दोन वर्षं झाली. महिन्यातून एकदा मंदाबाई पॅसेंजरनं पुणतांब्याच्या देवाला जातात, वाटेत चितळीला कोमल फलाटावर उभी असते. खिडकीतून भाजी, शेंगा, फुलं असा वानवळा द्यायचा, तोंड बघायचं, गाडी सुटते.

"आधी सिंगल लाईन हुती, तवा क्रॉसिंग लागायचं," मंदाबाई म्हणाल्या. "अर्धा अर्धा तास गाडी हुबी. डब्यातली मानसं शिव्या द्यायची आन् मी देवाला हात जोडायची, आजूक थोडं थांबव म्हनून. आता डबल लाईन झाली. एक मिनिट. कवा कवा तेवढं बी न्हाई."

मुलगी दिली म्हणजे विकली काय, असं माझ्या जिभेवर आलं आणि ते मी बोललेही. बाकीच्या बायका हसल्या. मंदाबाई हसल्या नाहीत. कोमलला टायफॉईड झाला होता. पंधरा दिवस झाले. फोनवर "बरी हाय गं आई" एवढंच म्हणते, आणि तो आवाज आईला पटत नव्हता.

"उद्या डोळ्यांनी बघते. बास."

रात्री नगरला साध्या लॉजवर राहिले. चादर स्वच्छ होती, गरम पाणी मागावं लागलं. जेवणात बाजरीची भाकरी, शेंगोळे आणि कच्चा कांदा. नाकाडोळ्यांतून पाणी येईल इतकं झणझणीत. पुण्यात "गावरान" अशी पाटी लावून जे विकतात त्यांनी एकदा इथं येऊन जेवावं आणि पाटी उतरवावी.

सकाळी नगरला गाडीत चढले तर मंदाबाई वानवळ्याची पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या, शेजारची जागा माझ्यासाठी पदरानं अडवलेली. विळद सोडल्यावर गाडी डोंगरातून वळणं घेत वांबोरीकडे उतरते. ही या मार्गावरची सगळ्यात देखणी वीस मिनिटं. डावीउजवीकडे आळीपाळीनं बघत राहा. खाली उतरलं की देशच बदलतो. राहुरीपासून पुढं ऊस, नुसता ऊस. फाटकाशी ट्रॅक्टर, मागं उसानं ओसंडणाऱ्या ट्रॉल्या, फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, आणि चुलींचा धूर. श्रीरामपूरच्या स्टेशनावर बेलापूर लिहिलेलं असतं, तेव्हा पाटी वाचून झोपून राहू नका. तिथं मी दोन भेळी घेतल्या. मंदाबाईंनी त्यांची पुडी उघडलीच नाही. निपाणी वडगाव गेलं तशी त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

चितळी. फलाटावर कोमल नव्हती. एक उंच तरुण होता, हातात मोटारसायकलची किल्ली. जावई.

"आई, द्या पाटी. कोमलला चालवना. आमच्या आईनं सोडली न्हाई तिला."

मंदाबाईंनी पाटी दिली नाही. एक हात दांडीवर, एक पाटीवर, नजर फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होती. मला त्या न पाहिलेल्या सासूचा असा संताप आला की काय सांगू. तापानं खंगलेल्या मुलीला आईलाही भेटू देत नाही!

"उतरा," मी म्हणाले.

"बाई, कसं उतरू? तिथं गेलं तर पानी..."

"पाणी मी पिते. चहा पिते. जेवायला वाढलं तर जेवते. तुमच्या वाटचं सगळं मी खाते. तुम्ही फक्त बघा तिला. उतरा!"

पुढं शिट्टी झाली. मी बॅग आधी खाली टाकली आणि मग मंदाबाईंचं कोपर धरलं. आम्ही उतरलो आणि गाडी हलली. माझी भेळ खिडकीत राहिली.

मग आम्ही तिघं एका मोटारसायकलवर. पुढं जावई, मध्ये पाटी मांडीवर घेतलेल्या मंदाबाई, मागं एका बाजूला पाय सोडून मी. हेल्मेट कुणालाच नाही. तुम्ही असं करू नका. दोन्हीकडं माझ्या उंचीच्या दुप्पट ऊस. वस्ती येईपर्यंत मी सासूसाठी भाषण तयार केलं. त्यात एकविसावं शतक होतं, माणुसकी होती, आणि दोन वाक्यं इथं लिहिण्यासारखी नाहीत.

सासू लताबाई ओसरीवरच उभ्या होत्या. मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच सुरुवात केली.

"आलासा! पंधरा दिस झाले वाट बघतीया मी. उन्हात टेसनावर पोरीला हुबी करायची व्हय? चक्कर येऊन रुळावर पडली म्हंजी?"

"तुमी बोलवलंच न्हाई, विहीनबाई," मंदाबाई पुटपुटल्या.

"कसं बोलवू? बोलवलं आन् तुमी पान्यासाठनं न्हाई म्हनलं, तर पोरीनं कुनाकडं बघायचं?" लताबाईंनी ओसरीच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं झाकलेला हंडा होता, त्यावर पालथा तांब्या. "शेजारच्या सुमनच्या घरचं पानी हाय त्ये. तांब्या बी तिचाच. रोज भरून ठिवते. आज तरी येतील म्हनून."

माझं भाषण फुकट गेलं. एवढा वेळ एका घरात रोज हंडा भरला जात होता आणि दुसऱ्या घरातली बाई गाडीच्या दारातून बघत होती. दोघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. मला दोघींचाही राग यायला हवा होता. आला नाही.

आत कोमल कॉटवर होती. गालाची हाडं वर आलेली, केसांचा गुंता झालेला. आई दिसताच उठायला लागली. मंदाबाईंनी तिला खांद्यावर हात ठेवून निजवलं, कपाळाला हाताची पालथी बाजू लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"ताप न्हाई," त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या. मग फणी मागितली आणि गुंता सोडवायला बसल्या. "एवढी वाळलीस. आन् म्हनतीस बरी हाय."

"तू रडशील म्हनून," कोमल म्हणाली.

"मी कशाला रडू?" असं म्हणून त्या रडल्या.

मी ओसरीवर येऊन कबूल केल्याप्रमाणे दोन कप चहा प्यायले, पोहे खाल्ले, वर पेरू खाल्ला. लताबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्या बाई कोन म्हनायच्या तुमच्या?" मंदाबाई आतून ओरडल्या, "खायला आनल्यात!"

मंदाबाई त्या दिवशी परतल्या नाहीत. सुमनकडे जेवायचं आणि झोपायचं, बाकी दिवस लेकीपाशी, असं दोन्ही विहिणींनी माझ्यादेखत ठरवून टाकलं. पाच मिनिटांत. दोन वर्षं न सुटलेलं.

जावयानं मला पुणतांब्याला सोडलं. गोदावरीचा घाट, जुनी देवळं, कठड्यावर वाळत घातलेली धोतरं. अर्धा दिवस हाताशी ठेवून या आणि पुढं कोपरगावही करा. मी मात्र नीट बघितलंच नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत फिरले. दोन दिवसांत तिकिटांवर गेले ते पैसे पुण्यात एका रिक्षाच्या भाड्यात बसतील.

घरी भाचीनं विचारलं, काय बघितलंस? मी फोटो दाखवले. शेवंतीचे बरे आलेत. रीत मला अजूनही पटलेली नाही, आणि हे मी मंदाबाईंना फोनवर सांगितलं. "तुमचं खरं हाय बाई," त्या म्हणाल्या, आणि सुमनच्या हातची मेथी कशी होती ते सांगायला लागल्या. माणसं रीत मोडत नाहीत तेव्हा तिला वळसा घालायला किती खटपट करतात, हे मी या वयात पहिल्यांदा बघितलं. त्या खटपटीला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. माझ्या ओळखीच्यांना हे खोटं वाटेल.

काल दुपारी मंदाबाईंचा पुन्हा फोन आला, चितळीच्या फलाटावरून. मागं फेरीवाल्याचा आरडाओरडा.

"बाई, धरा, कोमलशी बोला."

"मावशी," बारीक पण ठणठणीत आवाज, "मी एकटी जिना चढून पलीकडच्या फलाटावर आले. कुठं बसले नाही."

"शाबास," मी म्हणाले. "आईला दे फोन, गाडी सुटेल तिची."

फोन मंदाबाईंच्या हातात गेला तेवढ्यात शिट्टी झाली. मग डब्यांचा खडखडाट सुरू झाला, वाढत गेला आणि दूर गेला. फलाट शांत झाला. मंदाबाई मात्र त्या फलाटावरूनच फोनवर बोलत होत्या, घाई नसल्यासारख्या.