केदारला ट्रस्टी हवेत

साताऱ्याहून निघालो तेव्हा केदार दीड वर्षाचा होता, माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपला होता. गाडीत सहा बॅगा. त्यातली एक नुसती कंदी पेढे आणि मेतकुटाची, जणू इंग्लंडात दुष्काळ पडलाय. आबा, माझे वडील, खिडकीशी वाकून म्हणाले, "माणसं जोड गं. बाकी सगळं तिथे मिळेल." मी मान डोलावली. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

माणसं जोडलीसुद्धा. मिल्टन कीन्सच्या गणपतीत निवेदन माझंच असतं. एकाच राउंडअबाउटला चार फेऱ्या मारून मी घरी परत कशी आले, हा किस्सा व्हिडिओ कॉलवर इतक्यांदा सांगितलाय की साताऱ्यात तो माझ्याआधी वहिनीच संपवते. एका केदारचा मात्र मी कधी किस्सा केला नाही. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. डॉक्टरांनी ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी सांगितलं, मी साताऱ्याला सांगितलं, "लाजाळू आहे." मग "परीक्षा आहे." मग "कॉलेजला गेलाय." हे तर खरंच होतं, तिथे तो चहा करायला आणि आपली बस ओळखायला शिकत होता. भारतात आम्ही दोघं आलटूनपालटून जायचो, एक जण त्याच्यापाशी. आबा गेले ते नातू इंजिनिअर होणार या समजुतीत.

आता केदार चोवीसचा आहे. विनायकची, माझ्या नवऱ्याची, अँजिओप्लास्टी झाली आणि आम्ही मृत्युपत्र करायला वकीलबाईंकडे गेलो. मला वाटलं, एकुलता एक मुलगा, सगळं त्याच्या नावावर, दहा मिनिटांचं काम. बाई म्हणाल्या, तसं केलंत तर त्याचं युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे सरकारी भत्ता, बंद होईल, काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, त्याच्या देखभालीचा खर्च त्याच्याकडूनच घेईल, आणि सगळं संपलं की तो पुन्हा मदतीच्या रांगेच्या शेवटी. त्यापेक्षा ट्रस्ट करा. घर, पैसे ट्रस्टचे; ट्रस्टी त्याच्यासाठी खर्च करतील; त्याच्या नावावर काही नाही म्हणून सरकारी मदत चालू राहील. मी खूश. मग त्यांनी विचारलं, "ट्रस्टी कोण? तुमच्याहून तरुण हवेत, आणि त्याला ओळखणारे."

आमची इथली सगळी जोडलेली माणसं आमच्याच वयाची, गुडघे बदललेली. मग सायली आठवली. माझ्या दादाची मुलगी, मँचेस्टरला आयटीत. तिला जेवायला बोलावलं, श्रीखंड-पुरीची लाच ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच घरी बोलावलं होतं. दरवेळी मीच ट्रेनने तिच्याकडे जायचे, का ते कळलंच असेल. पाचव्या पुरीला केदारने तिचे बूट आणून तिच्या मांडीवर ठेवले. पाहुणे पुरे झाले की तो असंच करतो.

"आत्या," ती बूट धरून म्हणाली, "केदार असा... बाबांना माहितीये?"

"नाही."

"आबांना?"

मी पुऱ्या तळायला आत गेले. तळून झालेल्या होत्या.

ट्रस्टचं सांगितल्यावर ती म्हणाली, "मी सही करेन गं, पण मला त्याचं काहीच माहीत नाही. आणि व्हिसा संपला की मी पुण्याला चाललेय." तिचं काहीच चुकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. "इतकी वर्षं आम्ही परके होतो का गं?" तो आता पासष्टचा आहे, ट्रस्टी व्हायचं वय गेलं. मी तेव्हाच सांगितलं असतं तर केदारच्या बाजूला बसून त्याला ओळखायला तो कधीच शिकला असता, माझ्यापेक्षा लवकर.

शेवटी वकीलबाईंची फर्मच ट्रस्टी झाली. त्यांच्यासाठी एक पत्र लिहून ठेवायचं असतं: मुलगा कसा आहे, त्याला काय हवं-नको. भात-आमटी एकमेकांना लागली की तो जेवत नाही. भीती वाटली की हसतो. एकवीस वर्षं घरच्यांपासून लपवलेलं सगळं मी अकरा पानांत एका अनोळखी माणसाला लिहिलं. बाई चाळून म्हणाल्या, सुंदर आहे, पण हे बंधनकारक नसतं.

मंडळी, तिकडची आणि इकडची, घर कुठे हे मला आता विचारू नका. केदार दारात का थांबलाय हे न विचारता ज्याला कळतं, ते माणूस जिथे आहे ते घर. सध्या अशी दोन माणसं आहेत. दोघांनाही बीपी आहे.