सिस्टरची जागा

लीलाबाईंशी बोलायला बसलं की त्या आधी आपलं मनगट हातात घ्यायच्या. बोलणं पावसावर चाललेलं असो की दुधाच्या भावावर, त्यांची तीन बोटं नाडीवर असायची. मी काष्टीच्या शाळेत नवा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझी नाडी बघितली. म्हणाल्या, "सर, घरची लई आठवण येती वाटतं. जेवत जा नीट."

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची उभी नोकरी गेली. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. आयुष्य क्वार्टरमध्ये नाहीतर भाड्याच्या खोलीत काढलेलं. नोकरीत असतानाच त्यांनी बाजारतळाच्या मागं एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्त झाल्यावर तिथं दोन खोल्या बांधायच्या, पुढं अंगण ठेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पण त्या प्लॉटवर दगडू राहत होता. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेला. एका हंगामात मोळ्या भरताना ट्रॉलीवरून पडून त्याचा पाय मोडला. टोळी पुढं निघून गेली. बायको सुभद्रा आणि लहान पोरगा घेऊन तो दवाखान्याच्या व्हरांड्यात पडून होता. सिस्टरनीच त्याला आपल्या मोकळ्या प्लॉटवर पाल टाकायला सांगितलं. पुढं त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. पालाचा पत्रा झाला, पत्र्याखाली विटांच्या भिंती आल्या, विजेचं मीटर बसलं. पोरगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्यानं पुढच्या बाजूला मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

निवृत्त होऊन परत आलेल्या सिस्टरनी जागा मागितली, तेव्हा दगडू खाली बघत म्हणाला, "बाई, बारा वर्षं हुन गेली. आता जागा कायद्यानं आमची झाली म्हनत्यात."

"दगडू, मी तुला राहा म्हनलं हुतं," सिस्टर म्हणाल्या. "घे म्हनलं न्हवतं."

तिथून त्यांचे हेलपाटे सुरू झाले. सातबारा त्यांच्या नावावर होता, तरी तलाठ्यानं हात वर केले. पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. श्रीगोंद्याच्या कोर्टात दावा लागला आणि तारखांवर तारखा पडू लागल्या. बऱ्याचदा मीही सोबत जायचो. एसटीत त्या खिडकीशी बसायच्या. एकदा म्हणाल्या, "सर, माझ्याच जागेसाठी मीच पुरावे देत फिरायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लई राग येतो बघा."

देवळालीचा त्यांचा भाचा जरा तापट. तो म्हणाला, "मावशी, रविवारी जेसीबी घेऊन येतो. दुपारपर्यंत प्लॉट मोकळा."

सिस्टरनी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "घर मला पायजेच हाय. पन लेकराबाळांना रस्त्यावर काढून त्याच जागी मी पाया भरायचा, आन् तिथं मला झोप लागंल व्हय? तू जेसीबी आणलास तर पहिली मी आडवी पडंन."

दावा चालू असतानाच दगडूच्या सुनेचे दिवस भरत आले. एका दुपारी सुभद्रा आमच्या दारात येऊन उभी राहिली. सिस्टरनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, चप्पल घातली आणि निघाल्या. मूल आडवं होतं. त्यांनी गाडी बोलावली, सुनेबरोबर नगरपर्यंत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे बघूनच परतल्या. त्यांचे वकील नाराज झाले. "बाई, तो तुमचा प्रतिवादी आहे."

"दगडू हाय," सिस्टर म्हणाल्या. "त्या बाळानं कुठं ताबा मारलाय?"

साक्षी सुरू झाल्या. आपण कुणालाही न विचारता, स्वतःच्या हक्कानं जागेत आलो, असं दगडूनं कोर्टात सांगितलं होतं. त्याच्या बाजूनं सुभद्राही साक्षीला उभी राहिली. परवानगी नव्हती असं ठरलं असतं, तर बारा वर्षांच्या ताब्याला जोर आला असता. आमच्या वकिलांनी तिला विचारलं, "पहिल्यांदा तुम्हाला तिथं राहायला कुणी सांगितलं?"

सुभद्रानं पदर सारखा केला. दगडू तिच्याकडं बघत होता. ती म्हणाली, "सिस्टरबाईंनी. ह्यांच्या पायाला प्लास्टर हुतं. बाई म्हनल्या, पाय बरा हुईस्तवर राहा."

निकाल सिस्टरच्या बाजूनं लागला. दगडूला अपील करायला सांगणारे पुष्कळ होते. सिस्टर सरळ त्याच्या घरी गेल्या आणि पत्र्याखाली जमिनीवरच बसल्या. सुभद्रा म्हणाली, "बाई, मी खरं बोलले. पन आता आमी जायाचं कुठं?"

"ते आपन दोघी बघू," सिस्टर म्हणाल्या.

आणि खरोखरच, स्वतःच्या जागेसाठी घातले तेवढेच हेलपाटे त्यांनी दगडूच्या जागेसाठी घातले. ग्रामसभेत उठून बोलल्या. गावठाणात जागा आणि घरकुल मंजूर होईपर्यंत ग्रामसेवकाची पाठ सोडली नाही. कोर्टाचा हुकूम हातात असूनही, दगडूच्या नव्या घरावर स्लॅब पडेपर्यंत थांबल्या. गावात काही जण त्यांना वेडी म्हणायचे. मलाही कधीकधी तसं वाटायचं.

मग एका सकाळी दगडू आणि त्याच्या पोरानं आपल्या हातानं पत्रे उतरवले, विटा रचून टेम्पोत भरल्या. सुभद्रानं मोकळी झालेली जागा झाडून काढली. सिस्टर कडेला उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "सर, कोर्टानं दिली तवा नुसता कागद आला हुता. जागा आज माझी झाली."

त्यांच्या दोन खोल्या झाल्या, अंगण झालं. माझी बदली झाली, तरी सुट्टीत मी जायचो. बहुतेक वेळा सुभद्रा तिथंच शेंगा फोडत बसलेली दिसायची. त्या घरात सिस्टर काही वर्षं समाधानानं राहिल्या आणि अखेर थोड्याशा आजारपणात तिथंच गेल्या. त्या आजारपणात सुभद्रा त्यांच्या उशापासून हलली नाही.

दहाव्याला नातेवाईक जमले होते. एका पाहुण्या बाईनं सुभद्राला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

सुभद्रा म्हणाली, "आमी त्यांच्या जागंत ऱ्हायला हुतो."