बिब्ब्यांची पिशवी

नामांतराच्या आंदोलनात एसटी कधी धावायची, कधी बंद असायची. त्यामुळे सोनपेठच्या बाजारादिवशी परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसे. तरीही बिब्बेवाली दोघांच्या बाकावर ऐसपैस एकटीच. बिब्बे फोडून काळी पडलेली बोटं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि शेजारच्या जागेवर फुगलेली पिशवी.

"मावशी, पिशवी खाली घ्या," एकदा कंडक्टर म्हणाला.

"तुमीच घ्या की. बिब्बे हायत."

बिब्ब्याचा चीक लागला की अंगावर फोड उठतात, हे सगळ्यांनाच ठाऊक. कंडक्टरनं हात मागं घेतला. जवळच दांडीला लटकलेला मीही जरा सरकलो.

पोखर्णीला तान्हं लेकरू घेऊन एक बाई चढली. बिब्बेवालीनं पटकन पिशवी मांडीवर घेतली. "बस माय."

"अहो, लेकराला बिब्बा उतेल ना," मी म्हणालो.

तिनं पिशवीचं तोंड माझ्यापुरतं उघडलं. आत मुरमुरे होते.

"बिब्बे बाजारातच सरले," ती हळूच म्हणाली. "पर कुणीतरी लेकुरवाळी चढतीच की. नुसतं जागा धरली म्हनलं तर कोन ऐकतंय?"

पुढच्या बाजारादिवशी कंडक्टर नवा होता. पिशवी उचलायला तो वाकला.

"साहेब, जपून," मी म्हणालो. "मागल्या खेपेला मला उतलं. आठ दिवस खाजवत होतो."

तो लांबूनच तिकीट देऊन पुढं गेला. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पोखर्णी आल्यावर मात्र माझ्या हातात मूठभर मुरमुरे पडले.