वैशालीच्या तक्त्यातली आमची पोरं

सन २००९, माझं वय एकाहत्तर. जूनची थंडी होती; या देशात ऋतू उलटे. टूनगॅबीच्या घरामागे मी मेथीच्या वाफ्याला पाणी देत होतो, तेवढ्यात मिलिंद, माझा मुलगा, ऑफिसच्या कपड्यांतच अंगणात आला. मघाशीच तर ट्रेनला गेला होता. म्हणाला, "बाबा, हॉस्पिटलमधून फोन आला. वैशाली गेली." डोक्यात रक्तस्राव झाला म्हणून तिला नेलं होतं. आज डोळे उघडेल, उद्या उघडेल, असं आम्ही म्हणत होतो... पाणी बंद करायचं मला सुचलं नाही. वाफा वाहून गेला.

वैशाली आमच्या मागच्या खोलीत राहायची. नागपूरची, आमच्याच समाजाची, अजून तिशीही न गाठलेली. सध्या इथं शिकायला येणाऱ्या पोरांची अशी रीघ लागली आहे की आमच्या गल्लीत एक गॅरेज रिकामं नाही. कोणी अकाउंटिंग शिकतो, कोणी स्वयंपाक, आणि सगळ्यांचं ध्यान पीआरकडे, म्हणजे इथं कायमचं राहायच्या परवानगीकडे. ही मात्र पीएचडीला आलेली. दिवसा युनिव्हर्सिटी, संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या होममध्ये शिफ्ट, आणि घरी आली की पुन्हा लॅपटॉप. मी विचारलं, "कशावर शिकतेस गं?" म्हणाली, "सरकारी शाळांवर. सगळ्या रंगांच्या पोरांना तिथं सारखं वागवतात का, ते बघते." मी म्हटलं, "मग किती शाळा पाहिल्यास?" "एकही नाही." "शाळा न पाहता शाळेवर डॉक्टर होणार?" ती म्हणाली, "तुम्ही शाळेत दोन वर्षं काढली आणि जन्मभर सगळ्यांना शिकवता. मग मला काहून बोलता, बाबा?" या घरात मला उलट बोलणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं.

तिचं काम तिने मला पोळ्या लाटता लाटता समजावलं. सरकार देशभरातली काही घरं निवडतं. दर दोन वर्षांनी त्या घरांत एक बाई येते, पोराबद्दल, आईबापांबद्दल विचारते, शाळेतल्या शिक्षकांकडूनही लिहून घेते. वैशाली ते आकडे घेऊन बघायची की दोन पोरांना मार्क सारखे असताना शिक्षक हुशार कोणाला म्हणतो. पण या देशात कातडीचा रंग कोणी विचारत नाही. म्हणून ती घरात कुठली भाषा बोलतात त्यावरून पोरं ओळखायची. आणि तिथंच तिचं गाडं अडलं. एक दिवस लॅपटॉप मिटून म्हणाली, "बाबा, आपली पोरं सापडतच नाहीत. घरी इंग्रजी बोलतो, असं सगळ्यांनी सांगून ठेवलंय. माझ्या तक्त्यात ती गोऱ्यांच्या रांगेत बसलीत."

मी म्हटलं, "बरंच झालं की. एका रांगेत बसली तर."

तिने लॅपटॉप बाजूला सारला. "तुमचं नाव शाळेच्या पटावर होतं?"

"होतं."

"कोणत्या रांगेत?"

"सगळ्यांच्याच. एकच पट असतो."

"आणि बसायला कुठं होतात?"

मी दाराबाहेर बसायचो. पायऱ्यांवर, चपलांपाशी. पाऊस आला की मास्तर घरी पाठवायचे आणि पटावर हजेरी मांडायचे. तिला ते माहीत होतं, मीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग तुमच्या पटावरून कोणाला कधी कळलं असतं का?" दोन यत्ता शिकलेला माणूस आहे मी, पण हे मला जन्मात कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

लोकांचंही चुकत नव्हतं. घरी मराठी बोलतो म्हटलं की पोराला वर्गातून उठवून एक्स्ट्रा इंग्लिशला नेतात, ही भीती सगळ्यांच्या मनात. रविवारी बुद्धवंदनेनंतर आमचे लोक हॉलमध्ये जेवायला थांबतात, तिथं वैशाली उभी राहून बोलली. काय सांगा ते मी सांगत नाही, फक्त खरं सांगा, एवढंच म्हणाली. ताटं वाढणाऱ्या एक बाई हातातला डाव तसाच धरून म्हणाल्या, "ताई, तिकडं जात लपवता लपवता आमचं अर्धं वय गेलं. इथं येऊन आता भाषा सांगू? पोरांना पुन्हा वेगळं बसवू?" कोणी टाळी वाजवली नाही, पण माना सगळ्यांच्या हलल्या. वैशाली खाली बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आमचं घरही त्या निवडलेल्या घरांपैकी, हे मिलिंदनेच तिला बोलता बोलता सांगितलं होतं. माझी नात श्रेया पाचवीत. तिच्यासाठी ती बाई यायची आणि मिलिंद इंग्लिश सांगून मोकळा व्हायचा. वैशाली त्याला म्हणाली, "दादा, या वेळी मराठी सांगा ना." तो चिडला. "तुझ्यासाठी तो अभ्यास आहे. माझ्यासाठी माझी पोरगी आहे." "एका घराने काही होत नाही दादा, मला माहीत आहे. पण प्रत्येक घर हेच म्हणतंय." मिलिंद म्हणाला, "बघू." ते बघणं तिच्या नशिबात नव्हतं.

ती गेल्यावर तिच्या युनिव्हर्सिटीतल्या मॅडम घरी आल्या, पुस्तकं घेऊन गेल्या. मिलिंदने मला मराठीत सांगितलं की तो अभ्यास आता बंद. ते आकडे उघडायची परवानगी तिच्या एकटीच्या नावावर होती, आणि दुसरं कोणी हे काम घ्यायला तयार नाही. तिच्या आईला नागपूरला फोन केला, तर ती माउली एवढंच विचारत राहिली की पोरीला डॉक्टर म्हणतील ना आता तरी? खोलीत आठवड्याभरात दुसरा मुलगा राहायला आला. चांगला आहे बिचारा. पण त्याच्या दिव्याचा उजेड अंगणात पडला की मी तोंड फिरवतो.

मागच्या सोमवारी ती सरकारी बाई आली. पोक्त, हसरी. सोफ्यावर मिलिंद, शेजारी श्रेया, आणि कोपऱ्यात मी. मला इंग्रजी येत नाही, पण 'लँग्वेज' कळतं. बाईने विचारलं. मिलिंदने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "इंग्लिश." मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "खोटं आहे ते. या घरात मराठी बोलतात. ही पोर रडते तीसुद्धा मराठीत." बाईने मिलिंदला विचारलं, हे काय म्हणतात? मिलिंद म्हणाला, तुम्ही चहा घेणार का, असं विचारतायत. बाई माझ्याकडे बघून इतकी गोड हसली की मी पुन्हा खाली बसलो. "नो, थँक यू," म्हणाली, आणि पुढचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयाला शाळेत सोडलं आणि परत फिरायच्या ऐवजी मी आत ऑफिसमध्ये गेलो. शाळेकडूनही लिहून घेतात, हे वैशालीनेच सांगितलं होतं. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "आमच्या घरी मराठी बोलतात." त्यांना कळेना. मी पुन्हा म्हटलं, जरा हळू. त्यांनी मला पाणी दिलं, श्रेयाचं नाव विचारून घेतलं, फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे पॅरामॅट्याच्या ऑफिसातून मिलिंद, दबक्या आवाजात. "बाबा, त्यांना वाटतंय तुम्ही हरवलात. तुम्ही तिथं काय करताय?"

मी म्हटलं, "या बाईंना सांग, आमच्या घरी मराठी बोलतात. आणि आज चहाचं सांगू नकोस."

फोन मी बाईंना परत दिला. तो काय बोलला ते मला कळलं नाही. बाई "नो वरीज, नो वरीज" म्हणाल्या, हसल्या, आणि मला दाराची वाट दाखवली. मी जागचा हललो नाही.