तिच्या आईची चाल

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वहीत त्या कोळीणबाईंबद्दल माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, की त्यांनी ‘आपखुशीने’ प्रभुभोजन सोडलं. ते खोटं आहे.

१९३०च्या आसपासची गोष्ट. श्रीवर्धनकडच्या आमच्या लहानशा मंडळीत मी शाळामास्तर, पंच आणि पेटी वाजवणारा. बाई विधवा होत्या, नुकताच बाप्तिस्मा झालेल्या. वाचता येत नसे, म्हणून प्रार्थनेत शब्द संपले की त्या एकच चाल नुसती गुणगुणत. त्या गुणगुणू लागल्या की माझ्या पेटीकडे कुणाचं लक्ष राहत नसे. एकदा बायकांनी मला विचारलंसुद्धा, “मास्तर, पेटीला पडसं झालंय का?” सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण ते मनात राहिलं.

प्रभुभोजनाआधीच्या शनिवारी मंडळीचे पाळकसाहेब आणि आम्ही पंच बसून भाकर-द्राक्षरसाच्या मेजाला कोणी यावं ते ठरवत असू. बाईंचं नाव आलं तेव्हा मी म्हणालो की ही चाल देवीच्या पालखीपुढची आहे; शब्द नसले तरी सूर देवीलाच हाक मारतो. पालखीपुढे ती मी कधीच ऐकली नव्हती. पण पाळकसाहेब घाटावरचे, त्यांना इथलं काय ठाऊक? त्यांनी बाईंना बोलावून विचारलं.

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मास्तर, माझी आय फाटकी जाळी तुणताना गुणगुणायची, ती चाल हाय ही. देवीचं त्यात काय बी न्हाय.”

मग तिचा अर्थ काय, असं मी वकिलासारखं विचारलं. बाई म्हणाल्या, “अर्थ सांगता आला असता तर बोलले असते. गुणगुणले कशाला असते?”

त्यांना मेजापासून दूर ठेवलं. त्या दर रविवारी येत, मागे बसत, तोंड मिटून.

दोन वर्षांनी नाताळसाठी मी एक गीत रचलं. चाल काही केल्या सुचेना, तेव्हा तीच घेतली. सगळ्यांना ती फार आवडली. कुणालाही तिच्यात देवी ऐकू आली नाही, मलाही नाही. चाल कुणाची, असं पाळकसाहेबांनी विचारलं. मी म्हणालो, माझी.

बायकांच्या बाजूला त्या बसल्या होत्या. उपासना संपल्यावर पेटीजवळ आल्या. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील.

“मास्तर,” त्या हळूच म्हणाल्या, “मधे जरा थांबायचं असतं. आय तिथं दोरा तोडायची.”

त्यांनी मला ती जागा गुणगुणून दाखवली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. पाळकसाहेब दारातच उभे होते. तेव्हाही खरं सांगायला मी त्यांना हाक मारली नाही.